टेकडीचा गवताळ उतार मोकळा दिसतो. तेथे दोन हजार रोपे लावावीत का?

पायथ्याचा रहिवासी

नमस्कार.

पुण्याच्या पश्चिमेकडील एका टेकडीच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. आसपासच्या सोसायट्यांतील पंधरा-वीस जण दर रविवारी सकाळी टेकडीवर जातात. बाटल्या-पिशव्या वेचणे, पूर्वी लावलेल्या झाडांची आळी नीट करणे आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणे एवढेच आमचे काम. संस्था म्हणून नोंदणी नाही, वर्गणीही नाही. ज्याला जमेल तो येतो.

यंदा एका मोठ्या कंपनीने आमच्याकडे प्रस्ताव पाठवला आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे तीनशे कर्मचारी येतील. दोन हजार रोपे, खड्डे खणणारे मजूर, चहा-नाश्ता, टोप्या आणि फलक असा सगळा खर्च कंपनी करील. अट एकच, की सर्व रोपे एकाच दिवशी आणि एकाच सलग पट्ट्यात लागली पाहिजेत. रोपांच्या यादीत कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, जांभूळ, आंबा आणि गुलमोहर आहेत. त्यांनी पसंत केलेला पट्टा म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेला उतार. तेथे मुरूम वर आलेला आहे, मधूनमधून पळस, हिवर आणि बोरीची खुरटी झाडे आहेत आणि बाकी सगळे गवत. पावसाळ्यात ते कमरेइतके वाढते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाळून खडखडीत होते.

यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. तरुण मंडळींच्या मते आयती चालून आलेली मदत नाकारणे हा करंटेपणा आहे. या टेकडीवर सर्वांत जास्त पाणी वाहिलेले आमचे एक ज्येष्ठ सदस्य मात्र ‘त्या उताराला हात लावू नका, तेथे काही कमी नाही’ एवढेच म्हणतात, आणि कारण विचारले की पावसात माझ्याबरोबर चला, असे उत्तर देतात. कंपनीला या महिनाअखेरीस कळवायचे असल्याने तेवढी सवड आमच्यापाशी नाही. तो उतार खरोखरच रिकामा आहे की नाही, हे कसे ओळखावे? आणि नकार द्यायचाच झाला तर हा निधी टेकडीच्या दुसऱ्या कोणत्या कामाला लावता येईल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माळरान

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि टेकड्यांवरील गवते हा माझा आवडीचा विषय आहे, तेव्हा उत्तर एका बाजूला कललेले वाटले तर ते तसेच आहे असे समजावे. माझ्या मते तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे बरोबर आहे.

घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला असलेल्या पुण्यात सरासरी जेमतेम सातशे-साडेसातशे. तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. त्यात दक्षिणेकडचा उतार म्हणजे दिवसभर ऊन, आणि काळ्या कातळावर वीतभर मुरूम. अशा जागी निसर्ग घनदाट अरण्य उभे करीत नाही. गवत आणि त्यात विखुरलेली काटेरी, पानगळीची झाडे उभी करतो. तुम्ही ज्यांना खुरटी म्हणता ते हिवर आणि बोर त्या जागेचे मूळ रहिवासी आहेत. पळसाची उंची तेथील मातीच ठरवते. त्यात त्याचा दोष नाही.

हे चित्र तोडीमुळे अलीकडे तयार झाले, असा समज सार्वत्रिक आहे आणि काही जागांपुरता तो खराही आहे. परंतु सगळीकडे तसे नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेच्या समाधीपाशी तरटीचे झाड दाखवतात. तरटी ही दाट सावलीच्या जंगलात रमणारी वनस्पती नव्हे. ती उघड्या, कोरड्या मुलुखातली आहे, आणि संतांच्या कथेत तिला स्थान मिळाले याचा अर्थ त्या काळीही तो मुलूख बराचसा असाच होता. जुन्या मराठी वाङ्मयातील झाडाझुडपांचे असे उल्लेख गोळा करून पश्चिम महाराष्ट्रातील माळराने शेकडो वर्षे जुनी असल्याचे अलीकडे अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही सरकारी नकाशांत अशा कितीतरी माळांची नोंद पडीक जमीन म्हणूनच होते, आणि रोपे लावायला जागा शोधणाऱ्या प्रत्येकाचे बोट नेमके तेथेच पडते.

आता ओळखायचे कसे? खरी परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, पण वाळलेल्या गवतावरूनही पुष्कळ कळते. चालताना पायजम्यात काळपट, पीळदार, टोकदार कुसळे घुसत असतील तर ती कुसळी. ती फार असेल तर त्या जागी चराई किंवा वणवा वारंवार होतो आहे असे समजावे. पवन्या आणि मारवेल ही गुरांना प्रिय असलेली गवते टिकून असतील तर तो माळ चांगल्या स्थितीत आहे. पावसाळ्यात पहिल्या सरींनंतर जमिनीतून मुसळी, दीपकाडी, नभाळी, सोनकी अशी मंडळी वर येतात. त्यांतील पुष्कळांचे कंद वर्षातले आठ-नऊ महिने मातीत झोपलेले असतात, म्हणून एप्रिलमध्ये पाहणी करायला आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला तेथे काहीच दिसत नाही. कंदीलपुष्पाच्या काही दुर्मीळ जाती अशाच गवताळ, खडकाळ उतारांवर सापडतात. पक्ष्यांचेही तेच आहे. डोंबारी चंडोल, तित्तिर आणि लावा जमिनीवर, गवताच्या आडोशाने घरटे करतात; त्यांना आंब्याची सावली देऊन काही उपयोग नाही.

खड्ड्यांविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे दोन हजार खड्डे खणले की तितक्या ठिकाणी गवताची मुळे उखडली जातात आणि भुसभुशीत मुरूम उघडा पडतो. अशा उघड्या मातीवर पहिला हक्क कॉसमॉस आणि गाजरगवत सांगतात. पुण्याच्या टेकड्यांवर सप्टेंबरात जो नारिंगी-पिवळा बहर दिसतो आणि ज्याची छायाचित्रे लोक हौसेने काढतात, तो मूळचा मेक्सिकोकडचा कॉसमॉस आहे. गाजरगवताची भारतातील पहिली ठळक नोंद तर १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. पायवाटा, चर आणि खड्डे यांच्या कडेने हे तण सरकत सरकत आत येते. रोप मेले तरी खड्डा उरतो, आणि त्यात तण उरते.

एक बादली पाणी

माळरान यांच्याविषयी आदर ठेवून मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. गवताचे महत्त्व अभ्यासकाला कळते. रस्त्याची आखणी करणाऱ्याला आणि जमिनीचा भाव काढणाऱ्याला ती मोकळी जागा दिसते. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा विषय निघाला तेव्हा शहरातले लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांतील अनेकांचे त्या टेकडीशी नाते जडले होते ते तेथील झाडांमुळे. कोणी आईच्या नावाने झाड लावलेले असते, कोणी नातवाच्या. गवताच्या काडीला असे नाव देता येत नाही. म्हणून टेकडीवर झाडे लावूच नयेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

परंतु या प्रस्तावाला माझाही विरोधच आहे आणि त्याचे कारण साधा हिशेब आहे. एका रोपाला एका वेळी पाच लिटर पाणी धरले तर दोन हजार रोपांना दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर लागतो. नोव्हेंबर ते मे या काळात आठवड्यातून एकदा पाणी द्यायचे म्हटले तर सुमारे तीस फेऱ्या, म्हणजे तीन लाख लिटर. टँकर पायथ्याशी येईल, उतारावर चढणार नाही. तुमचे वीस जण प्रत्येकी पाच लिटरचे दोन कॅन घेऊन एकदा वर गेले तर चाळीस रोपांना पाणी मिळेल. दोन हजार रोपांसाठी त्या वीस जणांनी दर आठवड्याला पन्नास वेळा टेकडी चढावी लागेल. जुलैत तीनशे माणसे येतात. मार्चमध्ये कोण येते, ते तुम्हाला माहीतच आहे.

हाच हिशेब उलटा करून पाहा. तुमच्यापैकी दर रविवारी हमखास येणारे किती? दहा जण आले आणि प्रत्येकाने दोन-दोन फेऱ्या केल्या तर चाळीस झाडे जगवता येतील. आधीची झाडे वजा करा. उरेल तेवढीच रोपे यंदा घ्या. पाण्याची टाकी टेकडीच्या मध्यावर बसवून खालून पंपाने पाणी चढवण्याची सोय झाली तर आकडा वाढेल, आणि कंपनीने पैसे द्यावेत तर अशा टाकीला द्यावेत.

यादीबद्दलही बोलायला हवे. जांभळाला ओल लागते. ओढ्याच्या काठाला लावलेत तर मजेत वाढेल, मुरमाड उतारावर तो रडत राहील. आंबा टेकडीवर कशासाठी? गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याचे फांदे वाऱ्यात मोडतात आणि त्याच्याखाली फारसे काही उगवत नाही. रस्त्याच्या कडेला तो शोभतो. टेकडीवर त्याचे काम नाही. करंज आणि कडुनिंब जगतात हे खरे, पण म्हणूनच प्रत्येक लागवडीत तेच ते दिसतात. तुमच्या टेकडीवर आधीपासून कोण आहे ते पाहून त्याच बिरादरीतले घ्या: हिवर, खैर, पळस, आपटा, मेडशिंगी, गणेर, सालई, शेमट, वारस, धावडा. घळीत आणि पायथ्याला माती खोल असते; तेथे उंबर, भोकर, बहावा आणि करंजही चालेल. रोप पिशवीतून काढल्यावर तळाशी मुळांचे वेटोळे झालेले दिसले तर ते कापून मगच लावावे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे तीन-चार वर्षे बरी दिसणारी झाडे नंतर वाऱ्याने आडवी होतात.

ताळेबंद

मी हिशेबनीस आहे, झाडांतले मला कळत नाही; पण पैशाच्या बाजूने काही सांगण्यासारखे आहे. कंपनीची घाई वाईट हेतूने असते असे नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि ती साधारणपणे त्याच आर्थिक वर्षात संपवावी लागते. एका दिवसात उरकणारा, मोजता येणारा आणि छायाचित्रात मावणारा कार्यक्रम त्यांना त्यामुळेच सोयीचा वाटतो.

मात्र त्याच नियमांत चालू प्रकल्पाची तरतूद आहे. काम सुरू झालेले वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प संचालक मंडळाने मंजूर केला, तर त्या वर्षी न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवून पुढील वर्षांत त्याच कामावर खर्च करता येते. तेव्हा तुम्ही कंपनीला नुसता नकार कळवण्याऐवजी तीन वर्षांचा प्रस्ताव द्यावा. त्यात पाण्याची टाकी आणि पंप, राखणदाराचा पगार, वणवा रोखण्याचे काम आणि रोपवाटिका अशी खर्चाची बाबवार मांडणी असावी. पैसे हप्त्यांनी द्यावेत आणि पुढचा हप्ता मे महिनाअखेरीस जिवंत असलेल्या रोपांच्या मोजणीनंतर मिळावा, असे तुम्हीच सुचवा. त्याने तुमची पत वाढेल.

एक अडचण लक्षात घ्या. तुमचा गट नोंदणीकृत नाही. कंपनी स्वतः खर्च करणार असेल तर प्रश्न नाही, परंतु निधी तुमच्यामार्फत खर्च व्हायचा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा सामाजिक निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) असणे बंधनकारक आहे, आणि ती अशा गटाला मिळत नाही. परिसरातील एखाद्या जुन्या, नोंदणीकृत न्यासाबरोबर लेखी करार करून काम करणे हा सरळ मार्ग आहे. केवळ यासाठी घाईने स्वतःची संस्था काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडील दरवर्षीचे हिशेब आणि लेखापरीक्षण सांभाळताना रविवारची सकाळ त्यातच जाते.

निवृत्त वनपाल

वरील चर्चेत एक प्राथमिक प्रश्न कोणी विचारलेला नाही: ती जमीन कोणाची? पुण्याच्या टेकड्यांवर एकाच उताराचा काही भाग वन विभागाचा, काही महानगरपालिकेचा आणि काही खासगी मालकीचा असतो, आणि खाणाखुणा नसल्याने फिरणाऱ्याला तो फरक दिसत नाही. सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून पाहा. राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे तेथे परवानगीशिवाय जमीन खणणे किंवा विस्तव लावणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जमीन महानगरपालिकेची असेल तर उद्यान विभागाकडे जावे. आणखी एक: शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. चुकीच्या जागी लावलेले झाड मोठे झाल्यावर काढायचे म्हटले तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे लावताना विचार कमी केला तर निस्तरताना कागद जास्त लागतात.

आमच्या खात्यावर टीका होते ती गिरिपुष्पामुळे, आणि ती पुष्कळशी रास्त आहे. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड टेकड्यांवर लावले गेले त्याला त्या वेळची कारणे होती. फांदी खोचली तरी जगते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत, झपाट्याने वाढते, आणि उघड्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात अशी लोकांचीही मागणी होती. परिणाम आज सर्वांसमोर आहे: एकाच जातीची दाटी, खाली गवत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात जेव्हा सावली हवी तेव्हा सगळी झाडे निष्पर्ण. उद्दिष्ट रोपांच्या संख्येत मोजले की असे होते. राज्यात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते. त्या काळात खड्ड्यांचे फोटो अपलोड करण्यात आमच्या कर्मचाऱ्यांचा किती वेळ गेला, ते मी जवळून पाहिले आहे.

स्वयंसेवकांना माझे सांगणे असे की टेकडीला सर्वांत मोठा धोका फेब्रुवारी ते मे या काळातील वणव्याचा आहे, आणि तो जवळजवळ नेहमी माणसाने लावलेला असतो. सिगारेटचे थोटूक, रात्रीची पार्टी, कचऱ्याला लावलेली काडी, एवढे पुरते. डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळल्यावर पण वारे सुटण्यापूर्वी, पायवाटांच्या आणि वस्तीच्या कडेने तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून स्वच्छ ठेवला तर आग त्या पट्ट्याशी अडते. या जाळरेषेचे काम कंटाळवाणे आहे, त्यात पाहुणे बोलावून करण्यासारखे काही नाही, परंतु दोन हजार रोपांनी होणार नाही एवढे रक्षण एका चांगल्या जाळरेषेने होते. जुन्या झाडांच्या बुंध्याशी वाळलेल्या गवताचे आच्छादन करत असाल तर उन्हाळ्यात त्यावर माती टाका, नाहीतर आगीला तीच वाट मिळते.

गवळीवाडा

आमच्या घरी पूर्वी म्हशी होत्या आणि माझे वडील याच भागातील टेकड्यांवरून गवत आणत. दिवाळीनंतर, बी झडल्यावर, गवत विळ्याने कापून भारे बांधून नेले की टेकडीवर जळायला काही उरत नसे आणि मुळे सुखरूप राहत. आता गोठे शहराबाहेर गेले, गवत तसेच उभे राहते आणि पेटते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार येथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली म्हणतात, पण तेथे विळाबंदी नव्हती. गवत कापून डोक्यावरून नेण्याची मुभा होती. जवळपासच्या गोशाळेला किंवा मुळशीकडच्या एखाद्या दूधवाल्याला परवानगी घेऊन कापणी करू द्या. पवन्या आणि मारवेल असेल तर तो पैसेही देईल.

पायथ्याचा रहिवासी

सर्वांचे आभार. सर्व उत्तरे आमच्या गटात वाचून दाखवली. काही गोष्टी ठरल्या आहेत आणि दोन शंका उरल्या आहेत.

सातबारा पाहिला. कंपनीने निवडलेला उतार राखीव वनात आहे. पायथ्याची घळ आणि तिच्या कडेची सपाट जागा महानगरपालिकेकडे आहे. त्यामुळे उतारावरील लागवडीचा प्रश्न तूर्त आपोआपच मिटला. तरुण मंडळी हिरमुसली होती, परंतु पाण्याचा हिशेब फळ्यावर मांडल्यावर वाद उरला नाही. कंपनीला तीन वर्षांचा प्रस्ताव द्यायचा आणि लागवड घळीपुरती, शंभराच्या आत ठेवायची, असे ठरले आहे. कंपनीचे उत्तर काय येईल ते सांगता येत नाही. आमच्याशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘मग तीनशे जणांनी करायचे काय’ हा होता, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

शंका अशा. रोपे विकत घेण्याऐवजी सोसायटीतच तयार करता येतील का? कारण तुम्ही सांगितलेली हिवर, मेडशिंगी, गणेर ही नावे घेतल्यावर दोन रोपवाटिकांनी हात वर केले. आणि घळीच्या वरच्या अंगाला गिरिपुष्पाची जी दाटी आहे, ती काढून तेथे देशी झाडे लावावीत का?

गच्चीवरची रोपवाटिका

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. रोपे सोसायटीतच करावीत, आणि तीनशे माणसांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

आमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याचे आणि पालापाचोळ्याचे खत होते. पूर्वी ते कुंड्यांना घालूनही उरत असे. आता त्यातच पोयट्याची माती मिसळून रोपे करतो. पिशव्या विकत आणत नाही. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, खालच्या दोन कोपऱ्यांना आणि मध्ये भोके पाडून वापरतो; इमारतीत रोज जेवढे दूध येते तेवढ्या पिशव्या आपोआप जमतात. मात्र वर्षाच्या आत रोप मोठ्या पिशवीत हलवावे लागते, नाहीतर वर सांगितलेले मुळांचे वेटोळे होते.

बी ज्या टेकडीवर लावायचे तेथीलच किंवा शेजारच्या टेकडीवरचे घ्यावे आणि एकाच झाडाखालचे सगळे ओरबाडू नये. पळसाच्या चपट्या शेंगा मे महिन्याच्या सुमारास झडतात. ते बी साठवून टिकत नाही, लगेच पेरावे. गणेरची बोंडे उन्हाळ्यात उकलतात आणि आतल्या कापसाला बी चिकटलेले असते. हिवर, खैर आणि बाभूळ यांच्या शेंगा वाळल्यावर फोडाव्यात. हिवर आणि बाभळीचे बी टणक असते, म्हणून उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजवले की उगवण सुधारते. बहाव्याच्या बियांना एका बाजूने खरखरीत कागदावर घासावे. हे सगळे बसून, गप्पा मारत करता येण्यासारखे काम आहे. पिशव्या भरणे, बी निवडणे, नावाच्या चिठ्ठ्या लावणे यासाठी तीनशे जणही कमीच पडतील, आणि त्यात टेकडीला कोणाच्या पायाचा उपद्रव होत नाही.

सालई, शेमट आणि पांगारा यांना तर बी लागतही नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाडीची, चार-पाच फुटांची फांदी खोचली की ती फुटते. शेताच्या कुंपणाला लोक पिढ्यानपिढ्या हेच करीत आले आहेत. फक्त फांदी तोडण्यापूर्वी निवृत्त वनपालांनी सांगितलेली परवानगी विसरू नका.

निवृत्त वनपाल

गिरिपुष्पाविषयी. सगळे एकदम काढू नये, तसे करायला परवानगीही मिळणार नाही. एकदम उघडी पडलेली घळीची कड पहिल्या मोठ्या पावसात खाली येईल, आणि जी जागा मोकळी होईल तेथे घाणेरी शिरेल. शिवाय गिरिपुष्प नुसते तोडून मरत नाही. बुंध्यापासून दुप्पट फुटवे येतात. वन विभागाच्या किंवा उद्यान विभागाच्या संमतीने पावसाळ्याच्या सुरुवातीला एकाआड एक झाडाची छाटणी करावी, पडलेला पाला तेथेच आळ्यात दाबावा, कारण त्यात नत्र भरपूर असते, आणि मिळालेल्या उजेडात उंबर, भोकर, बहावा यांची रोपे लावावीत. नवे फुटवे दर दोन महिन्यांनी मोडत राहावे लागते. देशी झाडे डोक्याच्या वर गेली की मग उरलेल्या गिरिपुष्पाचा विचार करावा. यात पाच-सहा वर्षे सहज जातात.

रोपे लावण्यापूर्वी त्या दाटीत गुडघे टेकून एकदा जमीन पाहा. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांपासून उगवलेली कडुनिंबाची, बोरीची, कधी उंबराची वीतभर रोपे तेथे बहुधा सापडतील. त्यांच्याभोवती काटक्या रोवून रंगीत चिंधी बांधली, म्हणजे छाटणी करणाऱ्याचा कोयता त्यांच्यावर चालणार नाही. ती रोपे तेथेच रुजलेली असल्याने त्यांना पाणी वाहून न्यावे लागत नाही.

अर्जाबद्दल: जमीन दोन खात्यांची असल्याने दोन अर्ज करावेत आणि प्रत्येकात दुसऱ्या अर्जाची प्रत जोडावी. ‘वृक्षारोपण’ असा मोघम विषय लिहू नये. जमिनीच्या कोणत्या गट क्रमांकात किंवा वनाच्या कोणत्या कक्षात काम करणार, कोणत्या जातीची किती रोपे लावणार, किती झाडांची छाटणी करणार, जाळरेषेची लांबी किती आणि काम कोणत्या महिन्यांत होणार, हे स्पष्ट लिहावे आणि हाताने काढलेला का होईना, पण नकाशा जोडावा. महानगरपालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही एक प्रत द्यावी; जैवविविधता अधिनियम २००२ प्रमाणे अशा समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि तुमचे ज्येष्ठ सदस्य पावसात त्या उतारावर जे दाखवणार आहेत त्याची यादी छायाचित्रांसह तिकडे गेली तर पुढे कोणी तो उतार रिकामा म्हणू लागल्यास कागद तुमच्या बाजूने राहील. जाळरेषेचा अर्ज ऑक्टोबरातच द्यावा. डिसेंबरात दिला तर परवानगी हाती पडेपर्यंत गवत पेटलेले असते.